ट्रेमध्ये सुटं काही ठेवू नकोस

फोंडा, गोवा
बुधवार, रात्री

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

समोर बसून सांगायला घेतलं की आई मध्येच बॅगेच्या वजनाचं काढते, तू "हो बाबा" म्हणतेस आणि विषय तिथेच राहतो. म्हणून लिहून देतो आहे. रविवारी आम्हाला मोपा विमानतळाच्या दारापर्यंतच येता येईल. दारावर सीआयएसएफचे जवान तिकीट आणि ओळखपत्र बघून प्रवाशालाच आत सोडतात. तिथून पुढे दिल्ली आणि मग फ्रँकफर्ट, सगळं तुझं तुलाच बघायचं आहे. विमानाची मला काळजी नाही. माझा जीव अडकतो तो सुरक्षा तपासणीच्या त्या दहा मिनिटांत.

आजोबांचं घड्याळ तुला आठवतं का? एचएमटीचं, किल्लीचं. निवृत्तीच्या दिवशी शाळेने त्यांना दिलेलं. काचेवर चारच्या आकड्याजवळ एक बारीक चरा होता आणि चामड्याचा पट्टा मी दोनदा बदलला होता. तू सहावीत असताना मी कामासाठी बाहेरगावी गेलो होतो. परतताना विमानतळावर मागच्या लोकांची घाई चालली होती, म्हणून मी घड्याळ, कमरेचा पट्टा, खिशातली नाणी, सगळं भराभर ट्रेमध्ये टाकलं. झडती झाली. तेवढ्यात माझी बॅग त्यांनी उघडून बघण्यासाठी बाजूला काढली. आत छत्री होती, तिची दांडी यंत्रात नीट दिसली नसावी. मी तिकडे गेलो, बॅग उघडून दाखवली, पुन्हा भरली, जाता जाता ट्रेमधला कमरेचा पट्टा उचलला आणि गेटवर जाऊन बसलो. पाऊण तासाने नेहमीच्या सवयीने किल्ली द्यायला अंगठा आणि बोट मनगटाकडे गेलं, तर मनगट मोकळं. धावत मागे गेलो. जवानाने शांतपणे विचारलं, "कुठल्या रांगेत होतात? किती वाजता?" मला दोन्ही सांगता आलं नाही. रिकामे ट्रे एकात एक घालून परत मागे गेले होते. त्याने दिसले तेवढे ट्रे उचलून बघितले. मग माझ्या विमानाची शेवटची हाक आली. नंतर मी पत्र पाठवलं, उत्तरही आलं, घड्याळ आलं नाही. तू विचारलंस तेव्हा दुरुस्तीला दिलंय असं मी सांगितलं होतं. ते खरं नव्हतं, बाय.

तेव्हापासून मी एक नियम पाळतो, आणि तूही पाळ. ट्रेमध्ये सुटं काही ठेवायचं नाही. घड्याळ, नाणी, किल्ल्या, इअरफोन, पाकीट हे सगळं रांगेत शिरण्याआधीच हँडबॅगेच्या चेन असलेल्या कप्प्यात टाकायचं आणि चेन ओढायची. मग ट्रेमध्ये उरतो फक्त लॅपटॉप आणि वेगळा ठेवायला सांगितला तर फोन. फोनसुद्धा लॅपटॉपवर उघडा ठेवू नकोस, खाली ठेव. पासपोर्टला एकच कप्पा ठरव आणि तो प्रवास संपेपर्यंत बदलू नकोस.

आता सगळ्यात महत्त्वाचं सांगतो. हे मला आईबरोबर प्रवास करताना कळलं. आपल्याकडे बायकांची झडती पडद्याच्या आड होते, बाई जवानच ती घेते, आणि ते योग्यच आहे. पण बायकांची रांग पुष्कळदा वेगळी असते आणि हळू सरकते. सामानाचा पट्टा मात्र सगळ्यांचा एकच. आईने पर्स ट्रेमध्ये ठेवली, पट्ट्याने ती पलीकडे नेली आणि तिच्या पुढे अजून पाच बायका उभ्या होत्या. मी पलीकडे होतो म्हणून पर्सवर हात ठेवून उभा राहिलो. त्या वेळी मी बघत होतो, कोण कुठला ट्रे उचलतं याकडे कोणाचंच लक्ष नसतं. जवानांचं लक्ष धोकादायक वस्तूंवर असतं, आणि ते तिथेच असायला हवं. आपलं सामान राखणं आपल्याकडेच राहतं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तू पर्स काखेत किती घट्ट धरतेस! इथे आजूबाजूला गणवेशातली माणसं दिसली की तीच पकड नकळत सैल होते.

तू एकटी असणार, म्हणून असं कर. ट्रे भरून ठेव, पण यंत्राच्या तोंडाशी धरून उभी राहा. तुझ्यापुढे एक-दोन बायका उरल्या की मगच आत ढकल. मागचा माणूस कुरकुरेल. त्याला सरळ सांग, "माझा नंबर अजून आला नाही, तुमचं सामान पुढे घाला." तिथल्या कर्मचाऱ्यांनाही सांगितलं की ते समजून घेतात. झडती लांबली आणि सामान पलीकडे पडून राहिलं, तर आतल्या बाईंना सांग की माझा लॅपटॉप बाहेर आहे, तो दिसेल अशी उभी राहते. सांगायला लाजू नकोस.

आजीची साखळी गळ्यातच राहू दे. यंत्र वाजलं तरी बाई जवान हातातलं यंत्र फिरवून बघतात, साखळी दाखवायची, बस्स. काढायला सांगितलीच तर ट्रेमध्ये नको, चेनच्या कप्प्यात टाक आणि ती बॅग तुझ्या डोळ्यांसमोर आत जाऊ दे.

पलीकडे पोहोचलीस की मोजायचं. आमच्या पोस्टात थैलीला लाख लावण्याआधी रजिस्टर पत्रं दोनदा मोजायची पद्धत होती. घाई कितीही असो, दुसरी मोजणी चुकवली तर पुढच्या ऑफिसातून बोंब यायचीच. तुझ्या वस्तू पाचच आहेत: पासपोर्ट, बोर्डिंग पास, फोन, पाकीट, लॅपटॉप. सामान उचलून पाच पावलं बाजूला जा, एकेक वस्तूला हात लाव आणि मग चप्पल-बूट सारखे कर. बॅग उघडायला सांगितली तर आधी ट्रेमधलं सगळं उचल आणि मगच तिकडे जा. माझी चूक नेमकी तिथेच झाली.

लॅपटॉप सगळ्यांचे सारखेच काळे-करडे दिसतात आणि चोरीपेक्षा अदलाबदलीची मला जास्त भीती वाटते. म्हणून तुझ्या लॅपटॉपच्या झाकणावर तो वारली चित्राचा स्टिकर उद्याच लाव. खालच्या बाजूला नाव आणि ईमेल लिहिलेली चिठ्ठी चिकटव. अनुक्रमांकाचा फोटो काढून मला पाठव. फोनवर *#०६# दाबलं की १५ आकडी आयएमईआय क्रमांक येतो, तोही पाठव. फोन हरवलाच तर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर याच क्रमांकावरून तो बंद करता येतो.

काही राहिलंय असं वाटलं तर गेटकडे जाऊ नकोस, तिथल्या तिथे सांग. म्हणून आत शिरतानाच रांगेचा क्रमांक वाच आणि घड्याळ बघ. हे दोन आकडे असले की कॅमेऱ्याचं चित्रण शोधणं सोपं जातं. सीआयएसएफच्या संकेतस्थळावर सापडलेल्या वस्तूंची विमानतळानुसार यादी असते. घरी असलो तरी ती मी बघू शकतो, तू फक्त कळव.

दिल्लीला तपासणी पुन्हा होईल. आधी इमिग्रेशन, मग सुरक्षा. मोपाला घेतलेली पाण्याची बाटली तिथे चालणार नाही. आंतरराष्ट्रीय प्रवासात द्रवाची एकेक बाटली १०० मिलिलीटरपर्यंतच लागते, सगळ्या मिळून एका लिटरच्या पारदर्शक पिशवीत. रात्रीची वेळ असेल, डोळ्यांवर झोप असेल. तिथेही मोजणी तीच.

आता आईच्या सामानाबद्दल. तिला तूच समजावून सांग, माझं ऐकत नाही. कोकमाचं आगळ चेक-इन बॅगेत जाऊ दे, हँडबॅगेत नको. तूप काढून टाक. युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ आणि मांस नेऊ देत नाहीत. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तर अजिबातच नकोत, तेलामुळे खोबरं पेट घेतं म्हणून ते विमानात कुठल्याच बॅगेत चालत नाही. पॉवर बँक उलट हँडबॅगेतच हवी. मर्यादा १०० वॅट-अवरची आहे, तुझी २०,००० एमएएचची म्हणजे साधारण ७४ वॅट-अवर, तेव्हा चालेल. फक्त तिच्यावरची अक्षरं पुसट झाली आहेत, तपासणीत हा आकडा वाचता येणार नाही, म्हणून म्हापशाहून मी नवी आणली आहे, टेबलाच्या खणात आहे. पदवीची मूळ प्रमाणपत्रं, औषधं आणि दागिना यांतलं काहीही चेक-इन बॅगेत घालू नकोस. आणि ती बॅग फ्रँकफर्टला फुटलेली मिळाली तर विमान कंपनीच्या काउंटरवर तिथेच लेखी नोंद कर, सात दिवसांच्या आत तक्रार जायला लागते.

घड्याळ घालून जाणार असशील तर माझं घेऊन जा. बॅटरीचं आहे, नवीन सेल घातला आहे. शनिवारी जेवण झाल्यावर बॅग पाटावर ठेवू, तू मला पाच वस्तू काढून दाखव, मी ट्रे म्हणून परात धरतो.

तुझे,
बाबा