खराब सीडीतले गाणे: नक्कल अपुरी असली तरी ठेवा, पण उणीव लिहून ठेवा

संपादक महोदय,

वाचनालये, संगीत मंडळे आणि कितीतरी घरे आपल्याकडच्या गाण्यांच्या जुन्या सीडी आता संगणकावर उतरवून घेत आहेत. काम वेळेत होते आहे, याचा आनंद आहे. मात्र चरे पडलेल्या सीडींच्या बाबतीत दोन चुका सर्रास होतात. संगणकाने ‘एरर’ दाखवली की सीडी भंगारात जाते, आणि काहीच दाखवले नाही की नक्कल बिनचूक झाली असे धरले जाते. दुसरी चूक जास्त घातक आहे, कारण ती वर्षानुवर्षे कुणाच्या लक्षात येत नाही.

असे का होते ते सांगतो. गाण्याच्या सीडीवर एक सेकंद ७५ तुकड्यांत साठवलेला असतो आणि प्रत्येक तुकडा २३५२ बाइटचा असतो. संगणकाच्या फाइली असलेल्या सीडीवर त्याच जागेत माहिती फक्त २०४८ बाइटची. उरलेल्या जागेचा मोठा भाग चुका सुधारण्यासाठी राखलेला असतो. गाण्याच्या सीडीला हे जादा संरक्षण नाही. तिच्यातली मूळ सुधारणा-व्यवस्था माहितीच्या गोल रेघेच्या दिशेने साधारण अडीच मिलिमीटरपर्यंतचे खिंडार पूर्ण भरून काढते. त्यापुढे ड्राइव्ह मागचा-पुढचा आवाज पाहून मधला अंदाजाने भरतो. कानाला ते बहुधा कळत नाही, आणि साध्या प्लेअरमधले रिपिंग (सीडीवरून संगणकात नक्कल उतरवणे) त्याची वाच्यताही करत नाही.

चऱ्याची दिशा त्याच्या लांबीइतकीच महत्त्वाची. माहितीची रेघ मध्यापासून कडेकडे गोल गोल जाते. मध्याकडून कडेकडे गेलेला आडवा चरा प्रत्येक फेरीत क्षणभरच आड येतो, पण गोलाईच्या दिशेचा चरा सलग मोठा भाग झाकतो. म्हणून सीडी पुसताना हात नेहमी मध्याकडून कडेकडे, सरळ. गोल कधीच फिरवू नये. बोटांचे डाग आणि धूळ असेल तर कोमट पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब आणि मायक्रोफायबरचे किंवा धुऊन मऊ झालेले सुती कापड पुरते. ओढणीचे टोक, टिश्यू पेपर, थिनर, ॲसिटोन यांतले काहीही नको. कोकणपट्टीत दिसणारी बुरशी पुसताना सीडी पाण्यात बुडवून ठेवू नये. कडेचा लॅकर (छापील बाजूचा पातळ संरक्षक थर) उचललेला असेल तर पाणी आत शिरते.

छापील बाजू मात्र सर्वांत नाजूक. आवाज साठवणारा ॲल्युमिनियमचा थर तिथे जेमतेम लॅकरखाली असतो, तर खालच्या बाजूने त्याच्यावर सव्वा मिलिमीटरच्या आसपास प्लास्टिक असते. सीडी दिव्यासमोर धरा. बारीक छिद्रांतून प्रकाश आला तर तेवढा भाग गेला, कोणतेही पॉलिश तो परत आणणार नाही. खालच्या बाजूचा चरा टूथपेस्टने घासून थोडाफार कमी होतो, पण एका खोल चऱ्याच्या जागी शेकडो बारीक चरे येतात. तेव्हा आधी निघेल तेवढी नक्कल काढून घ्यावी, पॉलिशचा विचार शेवटी.

नक्कल काढण्यासाठीचे प्रोग्राम असे: विंडोजवर ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’, मॅकवर ‘एक्सएलडी’, लिनक्सवर ‘सीडीपॅरानोया’. पहिल्याच्या सिक्युअर मोडमध्ये प्रत्येक तुकडा किमान दोनदा वाचला जातो. दोन्ही वाचने जुळली नाहीत तर प्रोग्राम तो तुकडा १६ वेळा वाचतो, १६ पैकी ८ वाचने सारखी आली तर ती धरतो, आणि अशा ५ फेऱ्यांपर्यंत जातो. चार मिनिटांच्या एका ट्रॅकला तासभरही लागू शकतो. घाई करून मध्ये थांबवू नये. ड्राइव्हचा वेग उतरवून पाहावा. तरी निघाले नाही तर दुसऱ्या कंपनीचा ड्राइव्ह लावावा, कारण एका ड्राइव्हला न उमगणारी जागा दुसरा बिनतक्रार वाचतो, असे नेहमी घडते.

इथे एक मेख आहे. काही ड्राइव्ह खराब जागी दर वेळी तोच चुकीचा अंदाज देतात. मग दोन्ही वाचने तंतोतंत जुळतात आणि तरीही चूक राहते. ‘ॲक्युरेटरिप’ ही इंटरनेटवरची नोंदवही तुमच्या ट्रॅकची बेरीज (त्यातल्या माहितीवरून काढलेला पडताळणीचा आकडा) इतरांनी काढलेल्या नकलांशी ताडून पाहते, त्यामुळे अशी चूक तिथे उघडी पडते. ‘क्यूटूल्स’ या प्रोग्रामचा ऑनलाइन संग्रह तर तीच सीडी आधी कुणी नोंदवली असेल आणि नुकसान थोडे असेल, तर बिघडलेले बाइट दुरुस्तही करतो. मराठी नाट्यसंगीत, भावगीते, कीर्तने यांच्या सीडी तिथे अनेकदा सापडत नाहीत. यावर उपाय आपल्याच हातात आहे: दोन वाचनालयांकडे एकच सीडी असेल तर दोघांनी आपापली नक्कल काढून ताडून पाहावी. चरे दोन्हींवर एकाच जागी नसतात. तिसरा ट्रॅक इथला, सातवा तिथला घेता येतो. फक्त दोन्हींची छपाई एकाच खेपेची आहे ना, हे तपासावे. नाहीतर मैफलीच्या सलग ध्वनिमुद्रणात ट्रॅकच्या सांध्यावर टाळ्यांमध्ये ‘टक’ ऐकू येते.

एवढे करूनही काही जागा बिघडलेल्याच राहतील. ‘ऑडॅसिटी’ या ध्वनी-संपादनाच्या प्रोग्राममधले ‘रिपेअर’ एका वेळी १२८ सॅम्पलपर्यंतच (सॅम्पल म्हणजे आवाजाची एकेक मोजणी) चालते, म्हणजे सेकंदाचा जेमतेम तीनशेवा भाग. एकट्यादुकट्या ‘टक’साठी ते उत्तम. त्याहून मोठी फट असेल तर चित्रपटगीतातल्या ठेक्याचा तुकडा दुसरीकडून आणून बसवणे एक वेळ चालेल. ख्यालाच्या गायकीत तसे मुळीच करू नये. त्या जागी गायकाने काय घेतले होते ते आपल्याला ठाऊक नाही, आणि उसना तुकडा उद्या कुणीतरी त्याचीच जागा म्हणून शिकेल. तिथे फट तशीच ठेवावी.

म्हणून प्रत्येक सीडीचे दोन संच करावेत: न छेडलेला फ्लॅकमध्ये (आवाजातले काही न गमावणारा फाइल-प्रकार), आणि ऐकण्यासाठी दुरुस्त केलेला वेगळा. प्रोग्रामने दिलेला लॉग (वाचनाचा अहवाल) त्याच फोल्डरमध्ये ठेवावा आणि शेजारी साध्या मजकुराच्या फाइलीत लिहावे: ड्राइव्ह कोणता, कोणत्या ट्रॅकवर किती मिनिटे किती सेकंदांनी दोष आहे, कुठे हात लावला. सीडी टाकू नये. मऊ प्लास्टिकच्या पाकिटातून काढून कडक डबीत, उभी ठेवावी. पुढे दुसऱ्या कुणाकडे तीच सीडी निघाली, तर त्यांच्याकडे नेमका कोणता ट्रॅक मागायचा ते या नोंदीवरून कळेल.

– एक ध्वनिसंग्राहक, रत्नागिरी