उंदराचं घरटं आणि टिटवीची अंडी

ग्लासगो, २६ जानेवारी

ती. आई-बाबांना सा. न.

काल रात्री बर्न्स सपरला गेले होते. फोनवर सांगितलं असतं, पण बाबा, तुम्हाला हे लिहूनच कळवावंसं वाटलं.

रॉबर्ट बर्न्स हा इथला लाडका कवी. २५ जानेवारी १७५९ला अॅलोवे गावात जन्मला, वडिलांनी स्वतःच्या हातांनी बांधलेल्या, गवताने शाकारलेल्या मातीच्या घरात. दुसऱ्याची जमीन खंडाने कसणारं कुटुंब. अवघ्या सदतिसाव्या वर्षी गेला. १८०१ साली त्याच्या पुण्यतिथीला त्याचे मित्र त्याच घरात जेवायला जमले आणि तिथून ही रीत पडली. आता जेवणं जयंतीला होतात.

मानाचं पान हॅगिसचं. मेंढीची कलेजी, हृदय, फुप्फुसं बारीक करून ओट, कांदा, मसाले घालून कोथळ्यात शिजवतात. (आई, काळजी करू नकोस, मी कडधान्यांचं खाल्लं. सोबत सलगम आणि बटाटा कुस्करून देतात, अगदी आपल्या भरतासारखा.) पुढे बॅगपाइप वाजवणारा, मागे ताट घेतलेला आचारी, आणि सगळी पंगत उठून उभी. मग एका आजोबांनी हॅगिसवरची बर्न्सची कविता तोंडपाठ म्हटली. सुरीच्या ओळीला खिशातली सुरी काढून पुसली आणि खसकन हॅगिसमध्ये खुपसली. वाफेचा लोट उठला.

पण माझं मन अडकलं ते नंतरच्या एका कवितेत. १७८५च्या नोव्हेंबरात नांगरताना त्याच्या फाळाने उंदराचं घरटं मोडलं. तो नांगर सोडून त्या उंदराशीच बोलतो. म्हणतो, तू चोरतोस हे मला ठाऊक आहे, पण चोवीस पेंढ्यांतलं एखादं कणीस नेलंस तर काय बिघडलं? आता थंडी तोंडावर आलीये, नवं घर बांधायला हिरवं गवतही उरलं नाही तुला.

बाबा, मला वरच्या पट्टीतली टिटवी आठवली. मी सातवीत होते. कुळवताना तुम्ही एकदम औत थांबवलंत. बैलांच्या पुढ्यात ढेकळांच्या रंगाची, ठिपक्यांची चार अंडी होती. तुम्ही भोवती तुऱ्हाट्या रोवल्या आणि हातभर जमीन तशीच सोडून औत वळवलंत. डोक्यावर टिटवी ओरडत होती. काल तिथे सगळ्यांच्या देखत डोळ्यांत पाणी आलं माझ्या. शेजारच्या बाईंनी विचारलं, तर मी तिला तुमच्याबद्दलच सांगत बसले.

शेवटी सगळे हात गुंफून, गोल करून बर्न्सचं 'ऑल्ड लँग साइन' गातात. शब्द येत नव्हते, तरी गायले.

बाबा, सुट्टी संपून मी वसतिगृहावर परतले आणि विचारायचं राहूनच गेलं. त्या चार अंड्यांतून पिल्लं निघाली का हो? आईच्या फोनवरून नका सांगू. दोन ओळी लिहून पाठवा.

तुमची,
ताई