विलंब माफ करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला परत द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रस्त्यावरच्या अपघातात जखमी झालेल्या माणसाने भरपाईचा दावा सहा महिन्यांच्या आत दाखल करावा, ही अट मोटार वाहन कायद्याच्या कलम 166(3) मध्ये 1 एप्रिल 2022 पासून पुन्हा लागू झाली. पुन्हा अशासाठी, की 1988 च्या मूळ कायद्यातही ती होती. पण तेव्हा उशिराला सबळ कारण असेल, तर बारा महिन्यांपर्यंत दावा घेण्याची मुभा न्यायाधिकरणाला, म्हणजे असे भरपाईचे दावे चालवणाऱ्या न्यायालयाला, होती. त्याआधीच्या 1939 च्या कायद्यातही विलंब माफीची सोय होतीच. 1994 मध्ये संसदेने मुदतच काढून टाकली. 2019 च्या दुरुस्तीने सहा महिने परत आणले, विलंब माफीची तरतूद मात्र आणली नाही. माझी तक्रार आहे ती या गाळलेल्या तरतुदीबद्दल.

मी अंबाजोगाईत वकिली करते. आमच्या भागातली हजारो माणसे दिवाळीच्या आसपास सांगली, कोल्हापूर आणि कर्नाटकाकडे ऊसतोडीला जातात. फडावरून कोपीकडे, म्हणजे राहत्या झोपडीकडे, परतताना एखाद्याला गाडीने उडवले, तर गुन्हा तिकडच्या ठाण्यात नोंदतात, ऑपरेशन तिकडच्या दवाखान्यात होते. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटलेली नसते, म्हणून नवरा खाटेवर असला तरी बायको अर्धा कोयता होऊन (नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता) तोडीला जात राहते. हंगाम संपवून ही माणसे गावी येतात, तेव्हा मुदतीतले बरेच महिने सरलेले असतात. राहत्या जिल्ह्यात दावा करता येतो, हे खरे. पण एफआयआर, पंचनामा, गाडीच्या विम्याची प्रत हे सगळे तीनेकशे किलोमीटरवरच्या ठाण्यात. एकेका कागदासाठी जाण्यायेण्याचे भाडे आणि बुडालेली मजुरी या लोकांनी कुठून आणायची?

दुसरी अडचण वैद्यकीय आहे, आणि ती शहरातल्या सुशिक्षित माणसालाही चुकत नाही. जखमीला किती भरपाई मिळणार, हे कायमच्या अपंगत्वावर ठरते. मांडीचे हाड मोडून रॉड घातला असेल, तर हाड नीट जुळले का, गुडघा किती वाकतो, हे कळायलाच कितीतरी महिने जातात. तोवर डॉक्टर कायमच्या अपंगत्वाचा दाखला देत नाहीत, आणि त्यांचे बरोबरच आहे. डोक्याला मार लागलेल्यांचे तर विचारूच नका. दाखला नंतर जोडता येतो, पण आपले नुकसान किती झाले हेच ज्याला अजून उमगलेले नाही, त्याला कोर्टाची पायरी सुचत नाही.

नव्या कायद्यावरच्या या तक्रारीला एक उत्तर दिले जाते. कलम 159 प्रमाणे पोलिसांनी तीन महिन्यांत अपघाताचा अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवायचा आणि तोच दावा म्हणून धरायचा. योजना उत्तम आहे. 2022 च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोहर मोहम्मद प्रकरणात पोलीस ठाण्यांना आणि विमा कंपन्यांना त्याबाबत तपशीलवार निर्देशही दिले. हे अहवाल ठरल्या वेळी येत असते, तर हे पत्र लिहावे लागले नसते. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक पक्षकारांना असा अहवाल असतो हेसुद्धा माहीत नसते. यंत्रणेकडून उशीर झाला, तर हक्क जखमीचा का बुडावा?

विमा कंपन्यांचा आक्षेप मी नाकारत नाही. खोटे दावे होतात, विमा नसलेल्या गाडीच्या जागी विमा असलेली गाडी दाखवली जाते, जुन्या अपघाताचे साक्षीदार सापडत नाहीत. पण खोटा दावा रचणाऱ्याची कागदपत्रे सहसा वेळेवरच तयार असतात. त्याला पकडायचे ते गुन्ह्याची नोंद, दवाखान्याची कागदपत्रे आणि तपास यांतून. मुदतीच्या चाळणीत अडकतो तो खरा जखमी.

इतर कायद्यांत काय आहे पाहा. रेल्वे अपघाताच्या दाव्याला एक वर्ष, कामगार भरपाईला दोन वर्षे, ग्राहक तक्रारीला दोन वर्षे, आणि या तिन्ही ठिकाणी सबळ कारण दाखवले तर विलंब माफ होऊ शकतो. लोकलमधून पडलेल्याला जी सवलत आहे, ती हायवेवर ट्रकखाली आलेल्याला नाही, याचे समर्थन मला तरी सापडत नाही.

नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला, की केवळ मुदत उलटली म्हणून असे दावे फेटाळू नयेत. दिलासा मोठा आहे, पण तो अंतरिम आहे. संसदेने कलम 166(3) दुरुस्त करून मुदत किमान एक वर्ष करावी आणि त्यानंतरही सबळ कारण असल्यास दावा स्वीकारण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला द्यावा. मराठवाड्यातल्या खासदारांनी, त्यांचा पक्ष कोणताही असो, येत्या अधिवेशनात ही मागणी मांडावी. आणि तोवर ज्यांचा दावा राहून गेला आहे, त्यांनी मुदत संपली असे समजून घरी बसू नये. जवळच्या विधी सेवा प्राधिकरणात कागद घेऊन जावे, तिथे पात्र व्यक्तींना वकील मोफत मिळतो.

– एक वकील, अंबाजोगाई (जि. बीड)