756 नंबरचा बॉल

फ्रिमाँट, कॅलिफोर्निया
रविवार, रात्री

प्रिय दत्ता,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तालमीतल्या त्या पोरानं कुस्ती मारली आणि त्याच रात्री गावानं त्याला ‘इंजेक्शनवाला’ म्हणून टाकलं, हे काही डोक्यातून जाईना. तू विचारलंस, ‘स्टेरॉइड घेतल्याचा संशय असलेल्या त्या बेसबॉलवाल्या बॅरी बाँड्सच्या वेळी तू तिथंच होतास, लोकांनी त्याचं काय केलं?’ फोनवर पाच मिनिटांत सांगण्यासारखं नाही ते, म्हणून लिहायला बसलोय.

मी इकडं आलो तेव्हा मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. 2001 च्या उन्हाळ्यात ऑफिसातली मंडळी मला सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टेडियमवर घेऊन गेली. तिथं उजवीकडच्या भिंतीपलीकडं थेट खाडीचं पाणी आहे. त्या पाण्यात माणसं छोट्या होड्या घेऊन, हातात जाळी धरून तासन् तास बसलेली असायची, बाँड्सचा बॉल भिंतीवरून येऊन पाण्यात पडेल म्हणून. तो बॅटिंगला आला की आख्खं स्टेडियम उभं राहायचं. पिचर त्याला घाबरून मुद्दाम लांब बॉल टाकायचे आणि त्याला फुकट पहिल्या बेसवर पाठवायचे. मग लोक पिचरला भित्रा ठरवत भिंतीला रबरी कोंबड्या टांगायचे. 2004 साली असे मुद्दाम दिलेले वॉक 120 होते. मीही घसा बसेपर्यंत ओरडलोय.

त्या 2001 मध्ये त्यानं एका मोसमात 73 होमरन, म्हणजे थेट कुंपणापलीकडं जाणारे फटके, मारले. सदतिसाव्या वर्षी! त्याआधी एका मोसमात त्याला पन्नासही कधी गाठता आले नव्हते. पाणी कुठंतरी मुरतंय हे तेव्हाच कळायला हवं होतं. 2003 मध्ये इथून जवळच बर्लिंगेमच्या ‘बाल्को’ नावाच्या, खेळाडूंना स्टेरॉइड पुरवणाऱ्या लॅबवर धाड पडली. ग्रँड ज्युरीपुढं, म्हणजे कोर्टाच्या चौकशी करणाऱ्या पंचांपुढं, त्यानं सांगितलं की ट्रेनरनं दिलेलं मलम सांधेदुखीचं आणि थेंब जवसाच्या तेलाचे आहेत असं आपण समजत होतो. दत्ता, मला ते पटलं नाही. आजही पटत नाही. त्यानं घेतलं होतं असंच मी मानतो.

पण लोकांचं मत म्हणशील तर ते गाव बदललं की बदलायचं. इथं टाळ्या, आणि खाडी ओलांडून बाहेर पडला की शिव्या. 2006 मध्ये सॅन दिएगोत कुणीतरी त्याच्या दिशेनं सिरिंज फेकली. त्यानं वाकून ती उचलली आणि मैदानाबाहेर टाकली. टीव्हीवर ते बघताना मला कसंतरीच झालं.

आमच्या बिल्डिंगमध्ये तेव्हा दक्षिणेतून आलेले एक काळे आजोबा राहायचे. 7 ऑगस्ट 2007 ला बाँड्सनं कारकिर्दीतला 756 वा होमरन मारला आणि त्याच्यासारख्याच काळ्या हँक एरनचा 755 चा विक्रम मोडला, ती रात्र मी त्यांच्या सोफ्यावर बसून पाहिली. एरन स्वतः आला नव्हता. मोठ्या पडद्यावर त्याचा रेकॉर्ड केलेला अभिनंदनाचा संदेश दाखवला. आजोबांनी टीव्हीचा आवाज वाढवला, चष्मा काढला आणि तसेच बसून राहिले. मग म्हणाले, या माणसाला काय काय पत्रं आली होती ठाऊक आहे तुला? 1974 मध्ये एरननं बेब रूथचा 714 चा विक्रम मोडला, त्याआधी कितीतरी महिने त्याच्या घरी जीवे मारण्याच्या धमक्यांची पत्रं येत होती. का, तर गोऱ्याचा विक्रम काळा मोडतोय. ती पत्रं त्यानं फाडली नाहीत, जपून ठेवली.

त्यानंतर मला बाँड्सचा राग आला तो एरनसाठी. त्या माणसानं हे सगळं सोसून उभा केलेला आकडा असल्या संशयाखाली मोडला जावा, हे मला लागलं. आजोबांचं मत मात्र उलट होतं. ते म्हणाले, घेणारे पुष्कळ होते, सिरिंज याच्याच अंगावर का? त्याच वर्षी एबीसी आणि ईएसपीएन या टीव्ही चॅनेलांनी पाहणी केली होती. बाँड्सनं विक्रम मोडावा असं वाटणारे काळे चाहते 74 टक्के, गोरे 28 टक्के. आकडा वाचला तेव्हा मला आजोबांचा तो प्रश्न आठवला.

आणि लीगचं काय? 1994 च्या खेळाडूंच्या संपात वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाची अंतिम लढतच रद्द झाली, लोक खेळावर रुसले. 1998 मध्ये मार्क मॅग्वायर आणि सॅमी सोसा या दोघांच्या होमरनच्या शर्यतीनं ते परत आले. मॅग्वायरनं 70 मारले. त्याच उन्हाळ्यात एका पत्रकाराला मॅग्वायरच्या लॉकरमध्ये अँड्रो या स्टेरॉइडसारख्या औषधाची बाटली दिसली, तर लोक चिडले पत्रकारावरच! स्टेरॉइड चालणार नाहीत असं पत्रक तेव्हाच्या कमिशनरनं, म्हणजे लीगच्या प्रमुखानं, 1991 मध्येच काढलं होतं, पण तपासणी कुणाचीच होत नव्हती. पकडल्यावर शिक्षा 2004 पासून. तोवर खेळाडू, मालक, कमिशनर, सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी. मॅग्वायरनं कबुली दिली ती 2010 मध्ये.

त्या होमरनच्या शर्यतीच्या काळचे कमिशनर बड सेलिग 2017 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे कूपरस्टाउनच्या म्युझियममधल्या थोरांच्या यादीत, सन्मानानं गेले. बाँड्सला तिथं निवडीसाठीच्या पत्रकारांच्या मतदानात दहाव्या, म्हणजे शेवटच्या वर्षी 66 टक्के मतं पडली, लागतात 75. त्याच 2022 च्या मतदानात डेव्हिड ऑर्टिझ पहिल्या फटक्यात निवडून आला, आणि शिक्षा सुरू होण्याआधीच्या 2003 च्या चाचणीत सापडलेल्यांत त्याचंही नाव असल्याची बातमी येऊन गेली होती. ऑर्टिझ सगळ्यांचा लाडका, बाँड्स पत्रकारांशी तुसडा. मला हे अन्यायाचं वाटतं. दार लावायचं तर सगळ्यांना लावा, सेलिग यांनाही.

तो 756 चा बॉल मार्क एको नावाच्या फॅशन डिझायनरनं साडेसात लाख डॉलरला विकत घेतला आणि त्याचं काय करायचं ते लोकांनाच विचारलं. कौल आला, त्यावर विक्रम शंकास्पद असल्याची चांदणी (*) उमटवून म्युझियमला द्या. चामड्यावर चांदणीचं चिन्ह उमटवलेला तो बॉल कूपरस्टाउनच्या त्याच म्युझियममध्ये गेला. त्याला जागा मिळाली, मारणाऱ्याला नाही. मला तो बॉल तिथं त्या चिन्हासकट हवाय, आणि त्याच इमारतीत बाँड्सही हवाय.

तुझ्या पोराचं म्हणशील तर गावात कोण काय बोलतं ते राहू दे. तू त्याचा वस्ताद आहेस. आखाड्यात चारचौघांत नको, एकट्याला घरी जेवायला बोलाव आणि सरळ विचार. घेतलं असेल तर कुणी आणून दिलं तेही विचार, आणि त्या माणसाचं नाव झाकून ठेवू नकोस. घेतलं नसेल तर गावच्या पुढच्या मैदानाला त्याच्या शेजारी उभा राहा.

वहिनींना नमस्कार. काय झालं ते कळव, वाट बघतोय.

तुझा,
अरुण