फ्लिपर दाबला की गेम रीसेट: काकांचे जाहीर आभार

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

पिनबॉल मशीनचे दोन्ही फ्लिपर (चेंडू उडवणारे दांडे) एकदम दाबले की चालू गेम बंद पडून मशीन नव्याने सुरू होतं. १९९० च्या दशकात शिकागोत बनलेली डब्ल्यूपीसी (विल्यम्स कंपनीच्या कंट्रोलरवर चालणारी) पिनबॉल मशीन आता तिशी ओलांडतायत, त्यामुळे हे दुखणं नेहमीचं झालंय. बहुतेक जण आधी गेम चालवणाऱ्या सीपीयू बोर्डावर संशय घेतात आणि नवा बोर्ड मागवतात. तुम्ही मात्र फोनवर एवढंच म्हणालात, "आधी पाच व्होल्ट मोजा." त्या एका वाक्यासाठी हे पत्र.

कारणही तुम्हीच उलगडून सांगितलंत. फ्लिपर हलवणारी कॉइल (विद्युतचुंबक) खेचते तेव्हा करंट झपकन वाढतो आणि ट्रान्सफॉर्मरचा व्होल्टेज क्षणभर बसतो. सीपीयूला वीज देणारी पाच व्होल्टची लाइन आधीच काठावर असेल, तर सीपीयू बोर्डावरचं रीसेट सर्किट गेम थांबवतं. म्हणजे सीपीयू आपलं काम चोखच करत असतो.

तुमचा मोजायचा क्रम इतरांनाही उपयोगी पडावा म्हणून इथे देतो आहोत. वीज पुरवणाऱ्या पॉवर ड्रायव्हर बोर्डावर मीटरचा काळा प्रोब टीपी५ ला, लाल टीपी२ ला (टीपी म्हणजे टेस्ट पॉइंट, मोजायची जागा). आकडा ४.९ ते ५.१ मध्ये हवा. तिथे ठीक, पण सीपीयू बोर्डावर ०.१ व्होल्टहून जास्त घट दिसली, तर जे११४ ते जे२१० या कनेक्टरांच्या वाटेवरच्या काळवंडलेल्या पिना बघायच्या. टीपी२ वरच कमी असेल तर मागे सरकायचं: जे१०१ वरचा सुमारे ९ व्होल्ट एसी, मग एसीचं डीसी करणारा ब्रिज रेक्टिफायर बीआर२, मग ते डीसी सपाट करणारा १५,००० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर सी५. मीटर एसीवर ठेवून सी५ वर पाव व्होल्टहून जास्त रिपल (व्होल्टेजमधली उरलेली लहर) दिसला, की ब्रिज किंवा कॅपॅसिटर थकलाय असं समजावं. हे सगळं मशीन चालू ठेवून मोजावं लागतं आणि त्याच बोर्डावर कॉइलचे ७० च्या आसपास व्होल्ट असतात. तेव्हा हात जपून, आणि सोल्डरिंगच्या आधी प्लग काढून.

सगळ्यात मोलाचं ठरलं ते जंपरचं, म्हणजे वरून टाकायच्या जोडवायरीचं. जुना ब्रिज काढताना भोकातलं तांब्याचं अस्तर निघून येतं. वरून सोल्डर छान चकाकतं, पण जोड लागलेलाच नसतो. म्हणून नवा ३५ अँपिअरचा ब्रिज बसवल्यावर बोर्डाच्या मागून त्याच्या प्लसपासून सी५ च्या प्लसपर्यंत आणि मायनसपासून मायनसपर्यंत जाड वायर टाकायची. नवे पार्ट घालूनही रीसेट होतच राहणाऱ्या कितीतरी मशीनचं उत्तर या दोन वायरींत आहे.

आणि फ्लिपर कॉइलवरचे १एन४००४ डायोड! पाय तुटलेला एक डायोडसुद्धा रीसेट घडवू शकतो, कारण कॉइल सुटताना उठणारा झटका थोपवायला मग कोणी उरत नाही. पाच व्होल्ट नीट असतील तर तिकडे बघा, हेही तुम्ही न विचारता सांगितलंत.

तुमचे मनापासून आभार. कळावे, लोभ असावा.

आपले,
तुमच्याकडून मीटर धरायला शिकलेले सगळे