खाऊ आधी की नंतर?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कुत्र्याला खाऊ देऊन शिकवणे म्हणजे लाच देणे, असे मत मांडणारे पत्र गेल्या आठवड्यात आपल्या अंकात वाचले. असा कुत्रा मालकाला नव्हे, खिशातल्या पुडीला भीक घालतो, त्याला धाकच हवा, असे पत्रलेखकाचे म्हणणे आहे. चार वर्षांपूर्वी मीही छातीठोकपणे हेच सांगत होतो, म्हणून हे उत्तर.

लाच काम होण्याआधी दाखवतात, मोबदला काम झाल्यावर देतात. बिस्कीट नाचवत 'बस, बस' म्हणत राहिलात, तर कुत्रा आधी बिस्कीट बघेल आणि मग बसायचे की नाही ते ठरवेल. पहिल्या दोन-चार वेळा खाऊ नाकासमोरून डोक्याच्या दिशेने नेऊन त्याला बसते करायला हरकत नाही. पुढे मात्र हात रिकामा हवा आणि खाऊ बसल्यावरच बाहेर निघायला हवा.

हे कळूनही आमच्या भुऱ्याने मला तोंडघशी पाडले. तो बसायचा आणि लगेच उठायचा. जात्याच चंचल, असे मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो. एकदा मुलीने मोबाइलवर आमची शिकवणी टिपली, तेव्हा चोर सापडला. भुऱ्या बसतो, मी खिशात हात घालतो, पुडीची गाठ सोडतो, तुकडा चाचपतो, तोवर स्वारी उठून माझ्या हाताशी. म्हणजे तुकडा मिळत होता तो उठल्याबद्दल! त्याने धडा चोख गिरवला होता, मास्तर कच्चा होता. बक्षीस सेकंदाभरात पोचले तरच ते कशाबद्दल मिळाले हे कुत्र्याला कळते. क्लिकर, म्हणजे दाबली की 'टक्' वाजणारी छोटी डबी, वापरतात ती याचसाठी. 'टक्' वाजले की खाऊ, एवढे आधी पंधरा-वीस वेळा जुळवून घ्यायचे. मग बूड जमिनीला टेकताच टक् करायचे; तुकडा थोडा रेंगाळला तरी बिघडत नाही. 'छान' हा एकच ठरलेला शब्दही चालतो.

हे अलीकडचे खूळ नाही. ज्या कृतीचे फळ गोड, ती प्राणी पुन्हा करतो, हे मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये पेटीतून सुटू पाहणाऱ्या मांजरांवरून दाखवले. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९५१ च्या एका लेखात अशाच टक्-टक् वाजणाऱ्या खेळण्याची शिफारस केली होती. उलट धाकवाले मालकाला देतात तो 'कळपाचा म्होरक्या बना' हा सल्ला प्राणिवर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये मांडलेल्या, बंदिवासातल्या लांडग्यांच्या निरीक्षणांवर पोसला गेला. रानातला कळप म्हणजे म्होरकेपदासाठी भांडणारी टोळी नव्हे, तर बहुधा आई-बाप आणि त्यांची पिल्ले, हे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी १९९९ मध्ये लिहिले. म्होरक्याची कल्पना त्यांच्याच १९७० च्या पुस्तकाने दूरवर पोचवली होती, त्यामुळे त्यांच्या या कबुलीला वजन आहे.

बक्षीस म्हणजे मोकाट लाड, हाही गैरसमज. अंगावर उडी मारली की पाठ फिरवायची, चारही पाय जमिनीवर आले की कौतुक करायचे. सुरुवातीला उड्या वाढतात, कारण आजवर चाललेली युक्ती तो आणखी जोर लावून बघतो. नेमके तेव्हाच घरातले कोणीतरी पाघळते. (आमच्याकडे आजी.)

धाकाचे म्हणाल, तर आम्ही तोही करून पाहिला. भुऱ्या पाहुण्यांवर गुरगुरायचा. एका प्रशिक्षकाने गळ्यात आवळणारी साखळी घालून प्रत्येक गुरगुरीला हिसका द्यायला सांगितले. तीन आठवड्यांत गुरगुर बंद. आम्ही खूश! मग एका संध्याकाळी पाहुण्याने डोक्यावर हात ठेवायला वाकून हात पुढे केला आणि भुऱ्याने आवाज न करता त्याची बाही फाडली. थोडक्यात निभावले. त्याची भीती जागच्या जागी होती, आम्ही फक्त भोंग्याची तार कापली होती. अमेरिकेतील प्राणिवर्तनाचा अभ्यास करणाऱ्या पशुवैद्यांच्या संघटनेने २०२१ च्या निवेदनात आक्रमक कुत्र्यांनाही बक्षिसाच्याच पद्धतीने शिकवा असे म्हटले आहे, ते का, हे त्या फाटक्या बाहीने मला समजावले.

त्यानंतर साखळी अडगळीत टाकली. पाहुणा हॉलच्या त्या टोकाला, भुऱ्या या टोकाला. तो पाहुण्याकडे बघेल पण अंग ताठ करणार नाही, एवढे अंतर. पाहुणा दिसला की खाऊ सुरू, गेला की बंद. चार-सहा दिवसांनी एक पाऊल पुढे, कधी दोन मागे. पाच महिने लागले. आता बेल वाजली की तो आपल्या चटईवर जाऊन बसतो आणि माझ्याकडे बघतो. डोक्यावरून येणारा हात त्याला अजूनही खपत नाही. कोणी तसा हात नेलाच तर तो हळूच गुरगुरतो, आणि आम्ही पाहुण्याला हात मागे घ्यायला सांगतो.

आपला,
एक श्वानपालक वाचक