हेडलाइटचा स्विच तापतो, निळ्या वायरीत निम्मेच तांबे: तक्रार पत्र

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय: १९६५ च्या एमजीबी गाडीसाठी आपण पाठवलेला लाइट स्विच व वायरिंग हार्नेस सदोष असल्याबाबत.

महोदय,

आमच्याकडे १९६५ सालची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे. गोदामात उभी असताना उंदरांनी तिच्या डॅशबोर्डमागच्या वायरी कुरतडल्या, म्हणून आपल्याकडून पूर्ण हार्नेस (गाडीच्या सगळ्या वायरींचा तयार जुडगा) आणि सोबत नवा लाइट स्विच मागवला. बिलावर आपण 'मूळ मापाचा, मूळ रंगांचा' असे छापले आहे. रंग खरोखर बरोबर आहेत. तपकिरी वायर थेट बॅटरीची, लाल पार्किंगची, निळी हेडलाइटची, काळी अर्थची, म्हणजे बॉडीला जोडणारी. माझी तक्रार रंगाच्या आत असलेल्या तांब्याबद्दल आहे.

हार्नेस आमच्या वरुडच्या ऑटो इलेक्ट्रिशियनने बसवला. ट्रॅक्टर, ट्रक आणि विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरमध्ये त्याचे आयुष्य गेले आहे. पार्किंग लाइट ठीक लागले. हेडलाइट लावून गाडी रस्त्यावर काढली, तर थोड्याच वेळात उजेड पिवळा पडू लागला आणि डॅशमधून प्लास्टिक जळाल्याचा वास आला. स्विचच्या दांडीला हात लावून तो म्हणाला, "भाऊ, हे त चटके देऊन रायलं." आमच्या भागात रात्री रस्त्यावर संत्र्याने भरलेल्या बंड्या असतात, त्यांना मागे लाल काचही नसते. रोही (नीलगाय) आणि रानडुकरे तर कुठूनही आडवी येतात. अशा रस्त्यावर उजेड जाणे ही किरकोळ गैरसोय नाही, जिवावरची गोष्ट आहे.

मग आम्ही मल्टीमीटर लावला. हेडलाइट अप्परवर चालू असताना बॅटरीवर १२.२ व्होल्ट आणि बल्बच्या टोकाशी १०.१. मधले दोन व्होल्ट कुठे जातात ते एकेक जोड तपासून शोधले. अर्थच्या बाजूला फक्त ०.१. आपल्या स्विचच्या दोन टोकांमध्ये मात्र १.३ व्होल्ट! चालू स्थितीत चांगल्या स्विचमध्ये हा आकडा जवळजवळ शून्य असायला हवा. दोन बल्बांचा प्रवाह नऊ अँपिअर धरला, तरी एवढ्याशा स्विचच्या पोटात बारा वॉटच्या आसपास उष्णता तयार होते. खात्री करण्यासाठी साठ वर्षांचा जुना स्विच परत जोडून पाहिला. त्याच वायरी, तेच बल्ब, आणि आकडा ०.१५.

उरलेली घट वायरीत निघाली. अशा वायरीची ताकद आतल्या ०.३० मिलिमीटरच्या तारा किती यावरून ठरते. १४ तारांची वायर पावणेनऊ अँपिअरची, २८ तारांची साडेसतराची. स्विचपासून पायाने दाबायच्या डिप्पर (अप्पर-लोअर बदलणाऱ्या) स्विचपर्यंत जाणाऱ्या निळ्या वायरीतून दोन्ही हेडलाइटचा प्रवाह एकत्र जातो. अप्परला प्रत्येकी ६० वॉट, म्हणजे बारा व्होल्टवर दहा अँपिअर. आपली ही वायर सोलली तर आत १४ तारा आहेत. उंदरांनी कुरतडलेल्या मूळ हार्नेसमधल्या त्याच वायरीत २८ आहेत. दोन्ही तुकडे मी जपून ठेवले आहेत.

आपल्या प्रतिनिधीने फोनवर सांगितले की गाडी 'पॉझिटिव्ह अर्थ' आहे, गावाकडच्या मिस्त्रीला ते कळत नाही, त्यामुळे वॉरंटी लागू नाही. हे मला मान्य नाही. १९६७ पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे, आणि आमच्या मिस्त्रीने सीटमागच्या सहा-सहा व्होल्टच्या दोन्ही बॅटऱ्या अगदी तशाच जोडल्या आहेत. रेडिओ, एलईडी किंवा डायोडवाला रिले (थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विजेचा स्विच) असेल तर दिशा बघावी लागते. पण साध्या स्विचच्या पत्तीला आणि तारेच्या बल्बला वीज कुठून कुठे वाहते याने काही फरक पडत नाही. पॉझिटिव्ह अर्थमुळे स्विच तापत नाही, पत्ती नीट टेकत नसली की तापतो. ज्या कारागिराने दोष शोधून काढला त्यालाच दोष देणे मला फार लागले.

'रिले लावून घ्या' हा सल्लाही मिळाला. रिले चांगलाच, पण कारखान्यातून ही गाडी रिलेशिवाय आली होती आणि आपण माल 'थेट बसणारा' म्हणून विकला आहे. शिवाय या गाडीत हेडलाइटच्या वाटेवर फ्यूज नाही. वायर तापली तर मध्ये काहीच तुटत नाही, इन्सुलेशन वितळत जाते आणि शेजारच्या वायरीही सोबत जातात. पुढची पायरी आगीची आहे.

तरी हार्नेस व स्विचची पूर्ण रक्कम आणि बसवण्याची मजुरी पंधरा दिवसांत परत करावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे या मालातले उरलेले स्विच व हार्नेस विक्रीतून काढावेत आणि ज्यांना ते आधी विकले त्यांना हेडलाइट न लावण्याबद्दल लेखी कळवावे. उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अमरावतीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करीन. ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात दाद मागण्याची सोय या कायद्यात आहे, त्यामुळे आपले कार्यालय दूर असल्याने मला अडचण नाही.

आपला ग्राहक,
(सही)
ता. वरुड, जि. अमरावती

सोबत: बिलाची प्रत, मल्टीमीटरच्या आकड्यांचे फोटो, सोललेल्या दोन्ही निळ्या वायरींचा फोटो. स्विच माझ्याकडे आहे. तपासणीसाठी माणूस पाठवावा, त्याच्यासमोर पुन्हा मोजून दाखवू.